पहिली-दुसरीचा जोगवा

तुळजापूरला जाऊन आलेली माणसं डोंगराचं वर्णन करतात, महाद्वाराचं करतात, आणि देवीच्या मुखाचं सांगताना तर त्यांचे डोळे भरून येतात. मीही जाऊन आले, एक रात्र राहून आले. पण मला कुणी विचारलं तर मी फक्त पहिली-दुसरीच्या मुलांच्या डोक्यांचं वर्णन करू शकेन, तेही मागून. दुसरं काही मी पाहिलंच नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण लहान मुलांची सहल काढावी असं ज्यांच्या मनात येतं, त्यांना कुणीतरी वेळेवर सावध करायला हवं.

निघण्याआधी

मी वाईची. मराठवाडा आपल्या राज्यात येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि तिकडच्या खेड्यांत शिकवायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून मला नोकरी लागली ती थेट तुळजापूरकडच्या वाशीजवळच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथंच राहायचं आहे.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला सांगितलं होतं की लहान मूल डोळ्यांनी शिकतं. त्याला वर्गाबाहेर न्या, दाखवा, प्रश्न विचारू द्या. मला ते मनापासून पटलं होतं. आल्या आल्या मी मुलांना ओढा दाखवायला नेलं. मुलांनी मलाच ओढा दाखवला. खेकडे कोणत्या दगडाखाली असतात, पाय कुठं रुततो, म्हशी कुठून उतरतात, सगळं. प्रश्न मात्र एकानंही विचारला नाही. माझ्या वर्गाला एकच गोष्ट उत्तम येत होती. मी काहीही बोलले की ती सगळी पोरं माझ्यामागून एका सुरात तेच म्हणत.

एकटी सुंद्रा तेवढी वेगळी होती. दुसरीतली, सात वर्षांची, नाकात मोरणी आणि बोलायला फटकळ. 'आपले घर' हा पाठ घेताना मी विचारलं, घर कशाला म्हणतात? पुस्तकात भिंती, छप्पर, दार आणि खिडकी होती. सुंद्रा म्हणाली, जिथं चूल पेटती ते घर. मी तिला गोठ्याचं, देवळाचं उदाहरण देऊन भिंतींकडं वळवू पाहिलं. ती म्हणाली, गोठ्यात चूल न्हाय, म्हणून तर त्यो गोठा. तिच्याशी वाद घालून मी दमले आणि पुढच्या पाठावर गेले.

दुसरं भांडण दुधाचं. सरकारकडून शाळेला दुधाच्या भुकटीचे पत्र्याचे डबे येत. शाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल होती. त्यावर काशीबाई नावाची गावातली विधवा बाई रोज ती भुकटी पाण्यात कालवून उकळत असे आणि मी मुलांना पाजत असे. मुलं नाक धरत. गावानं तर त्या भुकटीला 'बाईंचं पीठ' असंच नाव ठेवलं होतं. मी वर्षभर घसा फोडून सांगत होते की हे पीठ नाही, दूध आहे. मुलं माझ्यामागून म्हणत, हे पीठ नाही, दूध आहे, आणि पेला हळूच कुंपणात ओतत.

अशात एके दिवशी सुंद्राचे आजोबा शाळेत आले. त्यांना सगळा गाव आबा म्हणे. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, "पोरीला तालीम बस झाली, बाई." मी घाबरलेच. आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. पोरीला कधी आखाड्यात पाठवलं यांनी? मग काशीबाईंनी समजावलं की निजामाच्या राज्यापासून इथं शिक्षणालाच तालीम म्हणतात. म्हणजे सुंद्राची शाळा बंद.

कारण विचारलं तर एक जुना नवस निघाला. दोन वर्षांपूर्वी सुंद्रा तापानं फणफणली होती, तेव्हा आबांनी नवस बोलला होता की पोरगी उठली तर तुळजापूरच्या वाटेवर पाच घरी जोगवा मागेल. पोरगी उठली, आणि नवस राहिला. तेव्हापासून घरात काहीही बिनसलं, गाय आटली, भिंत पडली, की बोट त्या नवसाकडं. आधी देवीचं, मग तुमचं, असं आबांचं म्हणणं. घरची माणसं रानातून मोकळी होईनात, आणि तोवर पोरगी धाकट्या भावाला सांभाळत घरी राहणार.

मला संताप आला. त्या संतापात मी म्हणून गेले की सहल तुळजापूरलाच नेते, सुंद्राचा जोगवा मी मागवते, पण मग ती चौथीपर्यंत शाळेत राहील. आबांनी थोडा विचार करून मान डोलावली आणि अट घातली. "पाच घरं झाली पायजेत. घरचा उंबरा वलांडायच्या आत. आन गावातलं घर चालणार न्हाय. गावात समदी आमची भावकी. भावकीत मागितलं म्हंजी आपल्याच घरात मागितल्यावानी." गावात भावकीबाहेरची घरंही होती, पण तिथं ते नातीला मागायला पाठवणार नव्हते, हे न विचारताच कळत होतं.

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांकडून मी परवानगी आणली ती पोस्ट, बसस्थानक, बाजार आणि तलाव पाहण्यासाठी. पण बाईंची सहल तुळजापूरला चालली म्हटल्यावर गावात जे झालं ते मी वाईत कधी पाहिलं नाही. तुळजापूरला कुणी नुसतं बघायला जातं, ही कल्पनाच त्यांना शिवत नव्हती. ज्याच्या त्याच्या घरातून नवस निघाले. कुणाची ओटी, कुणाचे नारळ, कुणाची तेलाची धार. एका पोराचे केस देवीसाठी राखले होते, ते तिथं उतरवायचे. निघायच्या दिवशी सकाळी माझी पहिली-दुसरी उभी होती ती परड्या, नारळ आणि कवड्यांच्या माळा घेऊन. पाटी एकाकडंही नव्हती.

वाशी ते तुळजापूर

वाशीपर्यंत बैलगाड्या, तिथून पुढं एस.टी. माझ्या मदतीला काशीबाई होत्या. त्या गाडीत बसल्या आणि लगेच झोपल्या. बसचा वाहक मुलांकडं आणि नारळांकडं पाहून म्हणाला की शाळा आहे का दिंडी. मी शाळा म्हणाले. मुलं माझ्यामागून शाळा म्हणाली.

मी ठरवलं होतं की खिडकीतून दिसेल ते समजावत जायचं. बालाघाटाचे डोंगर, सपाट माथे, काळी आणि मुरमाड जमीन. पण निम्मी मुलं पहिल्यांदाच मोटारीत बसली होती. थोड्याच वेळात त्यांचं सकाळचं खाल्लेलं बाहेर येऊ लागलं आणि माझा भूगोल तिथंच संपला.

दुपारी येडशीजवळ गाडी थांबली तेव्हा मात्र मुलं भानावर आली आणि त्यांनी फडकी सोडली. प्रत्येकाकडं धपाटी. ज्वारीच्या पिठात मिरची, लसूण, कोथिंबीर घालून थापलेली, वरून दही आणि शेंगांची चटणी. आमच्याकडं प्रवासाला दशम्या देतात. त्या गोडसर आणि गरीब स्वभावाच्या असतात. धपाट्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुंद्रानं मला आपल्या वाटचं दही दिलं आणि पाणी पिऊ नका, अजून झोंबंल, असं बजावलं. या दोन दिवसांत मला मिळालेलं सुख म्हणावं तर तेवढंच.

तुळजापूर

धर्मशाळेत सामान टाकून मी मुलांना आधी पोस्टात नेलं. एकदा देवळात शिरली की ही मुलं पुन्हा हाती लागणार नाहीत, हे मला दिसत होतं. पोस्टाबाहेर पत्रपेटी होती, उभी, तांबडी, उघड्या तोंडाची. मी पत्र कसं जातं ते सांगायला तोंड उघडलं, तोवर मुलं चपला काढून रांगेत उभी राहिली आणि एकेक जण पेटीच्या पाया पडू लागला. त्यांच्या गावात तांबडं दिसलं की तो शेंदूर, आणि शेंदूर असला की तो देव. मी हां हां म्हणेपर्यंत कुणीतरी हळदकुंकू वाहिलं, आणि एकानं उघड्या तोंडात बत्तासा टाकला.

पोस्टमास्तर बाहेर आले आणि जे काही बोलले ते सगळं मला बोलले. पत्रांना मुंग्या लागतील, तुम्ही शिकवता काय, वगैरे. मी माफी मागितली. मुलांनीही माझ्यामागून एका सुरात माफी मागितली. त्यानं ते जास्तच चिडले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही देवळात गेलो. पायऱ्या उतरून खाली जायचं, तीर्थावर हातपाय धुवायचे, 'आई राजा उदो उदो' चा गजर चाललेला. मुलं इतकी शहाण्यासारखी वागली की मला वाटलं, वर्गात ही सोंग करतात. आवारात एक गोल गुळगुळीत दगड आहे, त्याला चिंतामणी म्हणतात. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही, हललाच नाही तर काम व्हायला वेळ आहे. आणि इथं माझ्या वर्गाला प्रश्न सुचले. वर्षभर ज्यांनी मला एक प्रश्न विचारला नव्हता ती पोरं त्या दगडापुढं पुन्हा पुन्हा रांग लावत होती. म्हैस विणार का, मामा येणार का, बाई यंदा वाईला परत जाणार का. मी ट्रेनिंग कॉलेजातल्या सरांची आठवण काढली आणि बाजूला जाऊन बसले. सुंद्रानंही दगडाला काही विचारलं. दगड हलला नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि काय विचारलं ते मी विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

मग त्या पोराचे केस. न्हाव्यानं अर्धं डोकं उतरवलं आणि गर्दी झाली म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. अर्धं डोकं घेऊन पोरगा रडतो आहे, त्याला पाहून बाकीची हसताहेत, आणि वाशीची थेट गाडी दुपारची एकच. न्हावी परत फिरकलाच नाही. बाकी सगळ्यांचे नवस फेडून होईतो ऊन डोक्यावर आलं होतं, आणि ज्या एका कामासाठी मी हा सगळा उपद्व्याप मांडला होता, ते अजून व्हायचंच होतं.

पुजाऱ्यांच्या आळीत आम्ही पहिल्या घरासमोर उभे राहिलो. सुंद्राच्या गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आता जोगवा मागायचा. आणि जी पोर वर्गात मला एक शब्द पुरा करू देत नाही, तिच्या तोंडून आवाज निघेना. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरतेय. मी म्हटलं, अगं म्हण. ती म्हणेना. खातंपितं घर, मोठी शेती, त्या घरातली पोर. मागायची सवय कुठून असणार?

शेवटी मीच वर्गातला आवाज लावून ओरडले, "आईचा जोगवा वाढा." आणि माझ्यामागून पहिली-दुसरी एका सुरात ओरडली, आईचा जोगवा वाढा. मी मागं वळून म्हटलं, तुम्ही गप्प बसा. पोरं ओरडली, तुम्ही गप्प बसा. घरातली बाई हसत हसत बाहेर आली आणि परडीत मूठभर पीठ घालून गेली.

वाईची मास्तरीण, ट्रेनिंग झालेली, काखेत छत्री, आणि आळीतून जोगवा मागत फिरते आहे. आमच्या आईनं पाहिलं असतं तर तिनं मला नोकरी सोडायला लावली असती. दुसरं घर झालं, तिसरं झालं. चौथ्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी पीठ घातलं, सुंद्राला कुंकू लावलं आणि मला विचारलं की पोर कोणाची. मी म्हटलं, माझ्या शाळेची. त्या म्हणाल्या, मग तुमचीच की.

पाचव्या दारात आतून आवाज आला, सुतक आहे. पुढचं दार बंद, त्याच्या पुढचंही बंद; नैवेद्याची वेळ झाली होती आणि माणसं देवळात होती. तेवढ्यात काशीबाई धावत आल्या आणि म्हणाल्या की मोटार लागली, ड्रायव्हर बसला. एका सुंद्रासाठी मी सगळ्या वर्गाला तुळजापुरात ठेवू शकत नव्हते. आम्ही पळालो.

स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. मालकानं परडी पाहिली आणि न मागताच बेसनाची मूठ पुढं केली. मला वाटलं, सुटलो. सुंद्रानं परडी मागं घेतली.

"ती भट्टी हाय, बाई. चूल न्हाय."

अशा वेळी तिला काय म्हणावं? मी पुष्कळ म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मालक हात पुढं करून उभा, गाडी भोंगा वाजवतेय, आणि ही मला घराची व्याख्या शिकवतेय. मी तिला दंडाला धरून गाडीत चढवलं.

परतीची वाट

येरमाळ्याच्या अलीकडं गाडीचं चाक बसलं. आसपास घर म्हणून नव्हतं. नुसता उघडा माळ, वारा आणि रडणारी पोरं. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत दुपार गेली. सुंद्रा परडी मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. मी तिला म्हटलं की आबांना पाच सांग, मी काही बोलणार नाही. ती परडीतलं पीठ बोटानं सारखं करत राहिली. वर्षभर तिला खरं बोलावं म्हणून मीच शिकवलं होतं.

वाशीहून गाड्या जुंपून निघालो ते दिवेलागणीला गावाजवळ पोचलो. शाळा गावाच्या कडेला, वाटेवर आधी लागते. तिथंच सगळा गाव जमला होता. आयांनी आपापली पोरं उतरवून घेतली. अर्ध्या डोक्याचं पोर पाहून त्याच्या आईनं मला काय म्हटलं ते लिहीत नाही.

आबा गाडीपाशी आले.

"किती घरं झाली?"

माझ्या तोंडात पाच आलंच होतं. सुंद्रा म्हणाली, "चार."

आबांनी परडी आपल्याकडं वळवली. मग परडीतलं पीठ बघून म्हणाले, ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी केलं तेवढं केलं. पुढल्या साली बघू. त्यांनी तिला उतरवायला हात पुढं केला, आणि मला दिसलं की सुंद्रा आता घरी जाणार आणि उद्यापासून भावाला कडेवर घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहणार. मी दोन दिवस जे सोसलं ते यासाठी? मला रडू आलं आणि त्याहून मोठा राग आला. आबांचा, नवसाचा, त्या सुतकाचा, सगळ्याचा.

सुंद्रा गाडीतून उतरली, पण आबांकडं गेली नाही. शाळेच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली आणि परडी वर धरून, या वेळी आपल्याच आवाजात, म्हणाली, "बाई, आईचा जोगवा वाढा."

आबा म्हणाले, "येडी का काय? शाळा काय घर हाय?"

"चूल हाय की, आबा."

सगळ्यांनी ओसरीवरच्या तीन दगडांकडं पाहिलं. काशीबाईंनी पाहिलं, जणू ती चूल त्यांना आजच दिसली. शाळा सरकारची, म्हणजे भावकीतली नाही. आबांचा उंबराही अजून ओलांडला नव्हता. मी कुलूप काढलं. आत गेले आणि अंधारात मला आठवलं की शाळेत पीठ नाहीच. मी जेवते आबांच्या पुतण्याकडं. माझं स्वतःचं मूठभर धान्यही या गावात नाही. शाळेत होता तो फक्त पत्र्याचा डबा.

मी मूठ भरली, बाहेर आले आणि परडीत घातली. ज्वारीच्या पिठावर ती मूठ फारच पांढरी दिसत होती. आबांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्ये काय हाय, बाई? दूध असलं तर चालायचं न्हाय. दिवेलागणीला दूध घराबाहेर जात न्हाय, आन परडीत तर पीठच पडतं."

सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं. वर्षभर मी याच दारात उभी राहून याच माणसांना, त्यांच्या बायकांना, त्यांच्या पोरांना ओरडून ओरडून काय सांगत आले होते, ते त्यांतल्या प्रत्येकाला पाठ होतं. सुंद्रा परडी धरून उभी होती. तिचे हात दुखत असावेत.

मी म्हटलं, "पीठ आहे, आबा."

आबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. ते हसले असं मी म्हणणार नाही, पण मिशी हलली. "व्हय," ते म्हणाले, "आमी तरी दुसरं काय म्हणत व्हतो." त्यांनी परडीला हात लावून नमस्कार केला, सुंद्राचं बोट धरलं आणि घरी गेले.

सकाळी शाळा भरली तेव्हा सुंद्रा पहिल्या रांगेत बसली होती. काशीबाईंनी चूल पेटवली, डबा उघडला, कालवलं, उकळलं. मी पेले वाटले आणि म्हटलं, चला, दूध प्या. कुणी पेला उचलला नाही. सुंद्रा उठून उभी राहिली.

"बाई, ह्ये पीठ हाय. तुमीच म्हणलात."

आणि तिच्यामागून सगळी पहिली-दुसरी एका सुरात म्हणाली, तुमीच म्हणलात. माझ्या वर्गानं माझ्याऐवजी दुसऱ्या कुणामागून काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. माझा हात पट्टीवर गेला होता. मी सुंद्राकडं पाहिलं. ती वर्गात उभी होती, हात कमरेवर, उत्तराची वाट बघत. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि काशीबाईंना म्हटलं, उद्यापासून हे पीठ जरा पातळ करत जा.